छपाईची चूक, टॅपेटची फट

रविवारी सकाळी आठ वाजता चहाचा कप हातात घेऊन तिनं खिडकीतून अंगणात पाहिलं, तर गाडीचं बॉनेट आ वासून उघडं आणि त्यात तिचा नवरा कमरेपर्यंत शिरलेला. तिनं कप ओट्यावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. अर्धा चहा बशीत गेला, उरलेला ओट्यावर.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला तिची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. तिसरी. पहिल्या वेळी चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलताना ती मागे गेली आणि मागे ठेवलेलं रिकामं पिंप आडवं झालं. दुसऱ्या वेळी त्याच चढावर इंजिन तीनदा बंद पडलं आणि परीक्षकानं हात जोडले. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसानं किती वेळा नापास व्हावं याला काही मर्यादा आहे की नाही?

बरं, हे लायसन्स हौसेचं असतं तर गोष्ट वेगळी. ती इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बावीस वर्षं बसत होती. आता गावाच्या दुसऱ्या टोकाला इस्पितळाची नवी इमारत झाली होती आणि तिथल्या बोर्डाची प्रमुख म्हणून तिचं नाव निघालं होतं. पहिली पाळी सकाळी सहाची. त्या बाजूची पहिली बस सात दहाची. प्रशासन अधिकाऱ्यानं विचारलं होतं, "याल कशा?" ती म्हणाली होती, "गाडीनं." हे खोटं नव्हतं. तिला गाडी चालवता येत होतीच, फक्त चढावर थांबवून पुन्हा चालवता येत नव्हती. सोमवारी दुपारी बारापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. तिच्यामागे यादीत जिचं नाव होतं ती बाई फोनवर "हॅलो" सुद्धा असं म्हणायची, की पलीकडचा घाबरून फोन ठेवून द्यायचा. नाही म्हटलं तर हिला तिच्याच हाताखाली काम करावं लागणार होतं.

आणि तीनच आठवड्यांपूर्वी तिला त्या चढाची गुरुकिल्ली सापडली होती. सगळे सांगत होते, क्लच सोडताना पायाला कळतं. तिच्या पायाला काही कळत नव्हतं. एक दिवस मात्र तिच्या कानाला कळलं. क्लच हळूहळू सोडत गेलं की एका ठिकाणी इंजिनाचा आवाज खाली बसतो, जड होतो, एखादा माणूस बोलता बोलता घसा खाकरायला थांबावा तसा. तिथं हँडब्रेक सोडायचा. बस्स. गाडी मुकाट्यानं चढते. बावीस वर्षं हेडफोन लावून बसलेल्या बाईला हे सांगायला कुणी नको होतं. त्या आवाजावर तिनं तीन आठवडे कान बसवला होता. आणि आज नवऱ्यानं त्याच आवाजाचं पोट फाडलं होतं.

ती चपला न घालताच अंगणात गेली.

"अहो, काय चाललंय?"

"टॅपेट," बॉनेटमधून उत्तर आलं.

"टॅपेटना काय धाड भरलीय?"

"वाजतायत. तुला ऐकू येत नाही?"

ज्या बाईचं पोट कानांवर चालतं तिला हा प्रश्न! तिनं डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजायचं ठरवलं आणि तीनवरच उघडले.

"वर्षभर वाजतायत. आणखी एक दिवस वाजले असते तर काय बिघडलं असतं?"

तो बाहेर आला. कपाळावर वंगणाचा पट्टा, कानावर पेन्सिल. ती पेन्सिल त्याच्या कानावरून फक्त आंघोळीला उतरायची. "मागच्या वेळी परीक्षक गाडीत बसल्या बसल्या काय म्हणाला? गाडी फार वाजते म्हणाला. तिथंच त्याचं मत वाईट झालं. मी तुझ्यासाठीच करतोय."

"तो दार वाजतं म्हणाला होता."

"दार कालच केलं."

हे तर आणखी नवीन. तिनं जाऊन ड्रायव्हरच्या बाजूचं दार ओढून पाहिलं. वाजत नव्हतं, कारण ते उघडतच नव्हतं.

या माणसाविषयी थोडं सांगितलं पाहिजे. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा, एकोणीस वर्षं. शाळेची पुस्तकं, सरकारी फॉर्म, वेळापत्रकं, काय वाटेल ते. कंपोझ झालेला मजकूर त्याच्या टेबलावर यायचा आणि चुकांच्या खुणांनी मढून परत जायचा. इथवर ठीक. पण ही सवय तो टेबलाच्या खणात ठेवून घरी येत नसे. औषधाच्या चिठ्ठ्या, दुकानांच्या पाट्या, शेजारणीच्या मुलाचं प्रगतिपुस्तक, सगळ्यांवर त्याची पेन्सिल फिरायची. गल्लीत त्याला 'करेक्शन' म्हणत. लग्न ठरल्यावर बायकोनं लिहिलेलं पहिलं पत्र त्यानं आजही जपून ठेवलं होतं. त्यात चार ठिकाणी पेन्सिलीच्या खुणा होत्या. तिनं ते एकदा पाहिलं होतं आणि पुन्हा त्याला कधी पत्र लिहिलं नव्हतं.

चूक नसलेली गोष्ट जगात असूच शकत नाही, असलीच तर ती अजून कुणी नीट तपासलेली नाही, असा त्याचा पक्का समज. ही गाडी त्यानं छापखान्याच्या मालकाकडून घेतली ती बावीस वर्षांची झाल्यावर. म्हणजे त्याला आयतंच खाद्य मिळालं.

"आता बंद करा ते," ती म्हणाली. "परीक्षा झाल्यावर उघडा. हवं तर गाडीचा सांगाडा करून माळ्यावर ठेवा."

"आता बंद कसं करणार? वरचं झाकण काढलंय. स्पार्क प्लग काढलेत."

तिनं आत पाहिलं. खरंच, इंजिनाच्या डोक्यावरचं लांबट पत्र्याचं झाकण निघालेलं, आत तेलानं चमकणारे आठ लोखंडी आर्म ओळीनं बसलेले, शाळेच्या बाकावर मुलं बसतात तसे. प्रत्येक आर्मखाली एक व्हॉल्व्ह, चार हवा आत घेणारे इनलेट, चार धूर बाहेर टाकणारे एक्झॉस्ट. आर्म खाली दाबला गेला की व्हॉल्व्ह उघडतो, वर गेला की मिटतो. या दोघांत केसाएवढी फट ठेवायची असते. फट जास्त झाली तर आर्म खटखट आपटतो. कमी झाली तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळून जातो. एवढंच ते टॅपेटचं शास्त्र. नवऱ्यानं ते तिला पंधरा मिनिटं समजावलं.

"आणि फट किती ठेवायची?" तिनं विचारलं. विचारायला नको होतं.

त्याचा चेहरा उजळला. त्यानं मडगार्डवरचं कळकट मॅन्युअल उचलून तिच्या नाकासमोर धरलं. "हे बघ. इंजिन थंड असताना इनलेटला शून्य पूर्णांक पंधरा मिलिमीटर, एक्झॉस्टला शून्य पूर्णांक वीस. गरम असताना पंचवीस आणि तीस. वाच. काही खटकतं?"

"काही नाही."

"धातू गरम झाला की काय होतो?"

"अहो, मला भाजी फोडणीला टाकायचीय."

"फुगतो! धातू फुगला की फट कमी होणार. म्हणजे गरमचा आकडा लहान पाहिजे. यांनी मोठा छापलाय. रकाने उलटे लागलेत. जुळवणाऱ्यानं डावीकडचा मजकूर उजवीकडे घातला आणि तपासणारा झोपला होता." त्यानं दोन्ही रकान्यांवरून आडव्या इंग्रजी एससारखी एक वळणदार रेघ मारली. छापखान्यात त्या खुणेचा अर्थ, अदलाबदल करा.

"पुस्तक कंपनीचं आहे ना? त्यांना त्यांची गाडी माहीत नसेल?"

"कंपनी गाडी बनवते. पुस्तक छापखाना छापतो," तो शांतपणे म्हणाला. "आणि छापखाना मला माहीत आहे."

तिला कुठंतरी खटकलं होतं, पण या माणसाशी छापलेल्या कागदावरून वाद घालण्यात आजवर कुणालाच यश आलं नव्हतं. तिनं भाजीचा विचार केला. एवढ्यात तो म्हणाला, "जरा धक्का मारशील?"

आठ आर्मपैकी कोणते सैल आहेत, हे इंजिन फिरवल्याशिवाय कळत नाही. गॅरेजात ते पान्यानं फिरवतात. याच्याकडे तेवढा मोठा पाना नव्हता, म्हणून याची युक्ती अशी, की गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची आणि मागून ढकलायची. चाकं फिरली की इंजिन फिरतं. पुढच्या पुलीवरची खूण बरोबर जागेवर आली की थांबायचं. ढकलायचं ते दोन वितींपेक्षा जास्त नाही. दोन वितीच, पण बरोबर दोन वितीच.

आतून सासूबाई काठी टेकत आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, हातात वर्तमानपत्र. "मी काय करू?"

"आई, तू सीटवर बस आणि मी बास म्हटलं की ब्रेक दाब."

बिघडलेल्या दाराकडून आत जाता येईना, म्हणून त्या दुसऱ्या बाजूनं शिरून सरकत सरकत स्टिअरिंगपाशी पोचल्या. पोचल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि वर्तमानपत्र स्टिअरिंगवर पसरलं.

"ढकल," नवरा म्हणाला. तिनं ढकललं. "हळू... हळू... अजून... बास! आई, बास!"

"काय म्हणालास?"

"ब्रेक!"

सासूबाईंनी हॉर्न दाबला.

"जास्त गेली. मागे घे."

ती पुढं आली, मागे ढकललं. "बास! अगं, आता कमी झालं." ती मागे गेली. पुन्हा ढकललं. खूण यायची, नवरा ओरडायचा, सासूबाई हॉर्न वाजवायच्या, खूण निघून जायची. गल्लीतले दोघे-तिघे फाटकाशी येऊन उभे राहिले. त्यातल्या एकानं अदबीनं विचारलं, "वहिनी, गाडी घ्यायचीय की द्यायचीय? तासाभरात पुढंही गेली नाही आणि मागंही."

"यानं लहानपणी घड्याळ उघडलं होतं," सासूबाई खिडकीतून त्या माणसाला सांगू लागल्या. "चांगलं चालणारं घड्याळ. अजून डब्यात आहे. तरी बरं, त्यात कुणाला ढकलावं लागलं नव्हतं."

शेवटी एकदाची खूण जागेवर आली. आता काम त्याचं होतं. त्यानं फिलर गेज काढलं. पात्यांच्या जुडग्यासारखं ते असतं, प्रत्येक पातळ पट्टीवर तिची जाडी लिहिलेली. हवी ती पट्टी आर्मखालच्या फटीत घालायची, वरचा स्क्रू फिरवून फट तेवढी करायची आणि स्क्रू हलू नये म्हणून त्याचा नट आवळायचा. गंमत अशी, की नट आवळता आवळता स्क्रूही किंचित फिरतो आणि फट बदलते. हे इतरांच्या दृष्टीनं किरकोळ. नवऱ्याच्या दृष्टीनं ती अक्षम्य चूक. तो एक फट आठ-आठ वेळा तपासत होता. आवळायचा, मोजायचा, च् च् करायचा, सोडायचा, पुन्हा. चार आर्म झाल्यावर इंजिनाला आणखी एक पूर्ण फेरा द्यायचा होता. म्हणजे पुन्हा ती मागे, सासूबाई स्टिअरिंगवर आणि फाटकाशी बघे, आता पाच.

साडेअकराला झाकण बसलं, प्लग बसले आणि त्यानं किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं. सगळे कान देऊन ऐकत होते. पहिलं अर्धं मिनिट बरं होतं. मग जसजसं इंजिन तापत गेलं तसतसा आतून आवाज वाढत गेला. पूर्वी एक टिकटिक होती, भिंतीवरच्या घड्याळासारखी. आता जणू पत्र्याच्या डब्यात कुणी मूठभर खिळे घालून तो डबा लहान मुलाच्या हाती दिला होता.

"शिवणयंत्र झालं हे," सासूबाई म्हणाल्या.

"नवीन सेटिंग आहे. बसेल," नवरा म्हणाला. पण त्याचा हात कानावरच्या पेन्सिलीकडे गेला होता. तो अस्वस्थ झाला की असंच व्हायचं.

ती गाडीत बसली, त्याच चालू दारातून सरकत, आणि गल्लीच्या टोकाच्या चढावर गेली. मधोमध थांबवली. हँडब्रेक ओढला. क्लच सोडायला लागली आणि कान दिला. खडखडखडखड. त्या गदारोळात आवाज कुठं खाली बसतो ते देवालाही ऐकू आलं नसतं. गाडी बंद पडली. पुन्हा. बंद पडली. तिसऱ्यांदा ती मागे घरंगळली आणि मागच्या सायकलवाल्यानं तिला जे सुनावलं ते तिनं ऐकलंच नाही, कारण तिचे डोळे भरून आले होते. रागानं. निव्वळ रागानं, असं तिनं स्वतःला बजावलं.

घरी येऊन तिनं किल्ली टेबलावर टाकली. "तुमचा मिस्त्री कुठंय?"

"रविवारी गॅरेज बंद असतं. आणि तो मोबाइल उचलत नाही. मी तीनदा केला."

"तीनदा केला," ती म्हणाली. "मी करते."

माणूस शोधणं हे तिचं काम. तिनं गॅरेजशेजारच्या टायरवाल्याला फोन लावला. त्याच्याकडून मिस्त्रीच्या मेहुण्याचा नंबर मिळाला. मेहुण्यानं सांगितलं, तो तळ्यावर मासे धरायला गेलाय. तळ्याच्या काठी चहाची टपरी होती. टपरीवाल्याचा नंबर इस्पितळातल्या एका शिपायाकडे असणार हे तिला ठाऊक होतं, कारण तो शिपाई दर सुटीला तिथं पडीक असायचा. अकराव्या मिनिटाला टपरीवाल्यानं फोन मिस्त्रीच्या हातात दिला.

"वहिनी? इथं कसा पत्ता लागला?"

"ते राहू द्या. हे ऐका." तिनं फोन अंगणात नेला, नवऱ्याला गाडी सुरू करायला लावली आणि फोन इंजिनावर धरला.

मग मिस्त्री म्हणाला, "कुणी उघडलं होतं?"

"घरातल्यांनी."

"फट किती ठेवली?"

"पंचवीस आणि तीस. थंड असताना."

"तो गरमचा आकडा आहे वहिनी! थंडला पंधरा-वीस. पुस्तकात स्वच्छ लिहिलंय."

"पुस्तकात छपाईची चूक आहे म्हणे."

मिस्त्री हसायला लागला. इतका, की पलीकडे त्याच्या हातातून काहीतरी पाण्यात पडल्याचा आवाज आला. "अहो, इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आणि व्हॉल्व्ह पोलादाचे. गरम झालं की हेड जास्त फुगतं, व्हॉल्व्ह कमी. म्हणून फट वाढते. आधीच पंचवीस ठेवलीत, आता तापल्यावर पस्तीस झाली असेल. वाजणार नाही तर काय? चार तास थंड होऊ द्या आणि पंधरा-वीसवर करा. आणि हे बघा, थोडी टिकटिक राहूच द्या. टॅपेट जरा वाजलाच पाहिजे. पार गप्प झाला तर समजा, जळतोय."

फोन स्पीकरवर होता. नवऱ्यानं सगळं ऐकलं. मॅन्युअल घेऊन पायरीवर जाऊन बसला. ती आत जाऊन भात-भाजी गिळून आली. तो तसाच बसलेला. तिनं त्याला ताट दिलं नाही. सासूबाईंनी दिलं.

"तुला राग आलाय," तासाभरानं तो म्हणाला.

"नाही, मला आनंदाच्या उकळ्या फुटतायत."

"मला वाटलं, तू नापास होतेस ते गाडीमुळे. तुझी चूक असेल असं वाटलंच नाही मला."

ज्या माणसाला तिच्या पत्रात चार चुका सापडल्या होत्या, तो हे बोलत होता. पण राग एवढ्यावर सोडून देण्याइतका स्वस्त नव्हता. "मग मला तसं सांगायचं. इंजिनाला कशाला सांगायला गेलात?"

साडेचारला इंजिनाला हात लावून बघितला, गार होतं. नवऱ्यानं पाना उचलला. तिनं त्याच्या हातातून घेतला.

"मी करते. तुम्ही वाचा."

"तुला कुठं येतं?"

"सकाळपासून एकच गोष्ट चौसष्ट वेळा बघितलीय. तुम्ही वाचा, मी लावते. छापखान्यात करता ना तसं. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बघायचं."

हे मात्र त्याला पटलं. तो पुस्तक घेऊन ताठ उभा राहिला. पुलीची खूण या वेळी तिसऱ्या धक्क्यात आली, कारण ढकलत होता तो आणि "बास" म्हणत होती ती. सासूबाईंना हॉर्न आणि ब्रेक यांतला फरक आता समजला होता, किंवा सकाळीही समजत होता.

"एक नंबर, इनलेट," नवरा छापखान्यातल्या एकसुरी आवाजात वाचू लागला. "शून्य पूर्णांक एक पाच."

तिनं पट्टी फटीत घातली. जुन्या बोर्डावर वायरीची पिन भोकात सारताना हाताला कळायचं, लागली की नुसतीच टेकली. हे तसंच होतं. पट्टी ओढली की किंचित धरून ठेवल्यासारखी वाटली पाहिजे, अडली नाही पाहिजे. नट आवळताना स्क्रू किती फिरतो ते तिनं पहिल्याच वेळी हेरलं आणि दुसऱ्यापासून तेवढा आधीच मागे ठेवला.

"झालं."

"एकदा पुन्हा तपासतेस का?"

"नाही."

"एक नंबर, एक्झॉस्ट. शून्य पूर्णांक दोन शून्य."

"झालं."

आठही व्हॉल्व्ह पन्नास मिनिटांत झाले. त्याला सकाळी सव्वातीन तास लागले होते, हे कुणी बोलून दाखवलं नाही. सासूबाईंनी फक्त घड्याळाकडे पाहिलं. ती हात पुसत होती तेव्हा नवऱ्यानं मॅन्युअल मडगार्डवर टेकवलं, कानावरची पेन्सिल काढली आणि सकाळच्या त्या वळणदार रेघेखाली, दोन्ही रकान्यांच्या तळाशी, एकेक करून बारीक टिंबांची ओळ काढली. मग समासात काहीतरी लिहिलं. तिनं वाकून पाहिलं. 'मूळचे राहू द्यावे.' मुद्रितशोधकाला स्वतःचीच दुरुस्ती मागे घ्यायची असेल तेव्हा तो असं लिहितो. एकोणीस वर्षांत त्यानं हे किती वेळा लिहिलं असेल? तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं आकडा सांगितला असता.

गाडी सुरू केली. टिकटिक होती. बारीक, समजूतदार. संध्याकाळी ती चढावर गेली. पहिल्यांदा बंद पडली. पुढच्या सहा वेळा चढली. दार मात्र तसंच राहिलं. त्याला हात लावायची तिनं नवऱ्याला सक्त मनाई केली.

सोमवारी साडेनऊला परीक्षक दुसऱ्या दारातून आत आला. तो दार अडकल्याबद्दल बोलला. मग आजच्या हवेबद्दल. मग स्वतःच्या गुडघ्यांबद्दल. आधीच्या उमेदवारानं खांबाला कशी घासली त्याबद्दल. हा मागच्या दोन वेळचाच परीक्षक होता, पण मागच्या दोन्ही वेळी ती इतकी घाबरलेली होती, की हा माणूस अखंड बोलत असतो हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"इथं थांबवा," चढाच्या मधोमध तो म्हणाला. तिनं थांबवली. हँडब्रेक ओढला. पहिला गिअर. क्लच सोडायला लागली.

"हां, आता घाबरू नका. बायका इथंच घाबरतात. हँडब्रेक एकदम सोडू नका. माझी बायको इथंच अडकायची. आरशात बघा. पहिल्या वेळी तुम्ही पिंप पाडलं होतं, आठवतं का? नवीन आणलंय. मी म्हटलं, दोन आणून ठेवा..."

इंजिन काय सांगत होतं ते तिला ऐकू येईना. आणि कालचा संपूर्ण दिवस, रकाने, धक्के, हॉर्न, फाटकाशी उभे पाच बघे, सगळं एकदम तिच्या जिभेवर आलं.

"साहेब," ती म्हणाली, "दोन मिनिटं गप्प बसता का? मला इंजिन ऐकायचंय."

परीक्षक गप्प झाला. असा गप्प, की त्याचं तोंड उघडंच राहिलं. गाडीत फक्त टिकटिक उरली. ती एका ठिकाणी जड झाली, खाली बसली. तिनं हँडब्रेक सोडला. गाडी तसूभरही मागे न जाता चढ चढून वर आली.

वर आल्यावर तिला आपण काय बोललो ते कळलं. संपलं. आता हा तिला जन्मभर पास करणार नाही. पुढे रस्ता दोन्हीकडे फुटत होता.

"उजवीकडे घेऊ का?" तिनं विचारलं. उत्तर नाही. "साहेब, उजवीकडे का डावीकडे?"

"बोलू का आता?" परीक्षक म्हणाला.

"बोला."

"उजवीकडे."

पुढचा सगळा रस्ता तो तेवढ्यापुरतंच बोलला. कचेरीसमोर थांबल्यावर त्यानं कागद मांडीवर घेतला, बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "घरीसुद्धा असंच बोलता का?"

"घरी असं बोलून भागत नाही."

त्यानं सही केली, कागद तिच्या हातात दिला आणि तोंडातून अवाक्षर न काढता गुडघे सांभाळत दुसऱ्या दारातून उतरला.

नवरा कचेरीच्या फाटकाशी उभा होता. तो धावत खिडकीपाशी आला. "काय झालं? थांबवलं होतं का मध्ये? आवाज कसा येत होता? तिसऱ्या नंबरचा एक्झॉस्ट मला अजून जरा..."

तिनं एक बोट वर केलं. तो थांबला. तिनं फोन काढला आणि प्रशासन अधिकाऱ्याचा नंबर लावला. बारा वाजायला अजून पावणेदोन तास होते.

"नमस्कार साहेब, बोर्डावरून... नाही, आज बोर्डावरून नाही, बाहेरून बोलतेय. सहाची पाळी मला चालेल." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिनं हातातल्या कागदाकडे पाहिलं, बाहेर बोटाच्या इशाऱ्यानं गप्प उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो, गाडीनं. मीच चालवणार. एकटी."